सेलिंग क्लब की मिसळ क्लब?

उंटवाडीकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आज राहवलं नाही.

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला शिडाच्या होड्यांचा एक छोटा ग्रुप आहे. आम्ही त्याला क्लब म्हणतो, नाव लिहीत नाही कारण अर्धे मेंबर इथंच पडीक असतात. गेल्या ऑक्टोबरात वर्गणी भरली. वय ४६, नोकरी अंबडला, आणि पाण्याशी संबंध म्हणाल तर लहानपणी गोदाघाटावर पोहायला शिकलो तेवढाच. बायको म्हणाली होती पैसे घालवायचेत तर घालवा पण मला त्यात ओढू नका. आता ती रविवारी माझ्या आधी तयार होऊन गाडीत बसलेली असते आणि मीच घरी झोपायचा विचार करतोय.

कारण सांगतो. मला डायरी लिहायची सवय आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मी १८ रविवार गेलो. १८ वेळा होडी पाण्यात घातली. त्यातले फक्त ५ रविवार असे की होडी शिडाने चालली. बाकी १३ वेळा काय तर साडेसातला शीड चढवायचं, आठला पाण्यात, सव्वाआठला धरणाच्या मधोमध ठप्प. शीड म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं धोतर. मग वल्हं मारत परत. साडेनऊला काठावरून कोणीतरी ओरडतं "तर्री आलीऽऽ" आणि जी माणसं तासभर हलली नव्हती ती पाच मिनिटांत किनाऱ्याला लागतात. दहा-साडेदहाला जिलबी, मठ्ठा, गप्पा, कोणाच्या तरी मुलीचं बारावीनंतर काय, आणि अकराला घरी.

मिसळ १८ पैकी १८.

तर प्रश्न दोन. सगळीकडे असंच असतं का? आणि एप्रिलात वर्गणी परत भरायची का नाही? शिवाय एकाने जुन्या लेझर होडीमध्ये अर्धी भागीदारी घेतोस का म्हणून विचारलंय, तेही डोक्यात आहे.

सातपूरचा_सातू
१८ पैकी १८! फॉर्म कुठं मिळतो? पोहता येत नाही, चालेल ना? खाता येतं.

हिशोबनीस
धागाकर्ते, तुम्ही कोण ते पहिल्याच ओळीत कळलं. डायरीवाले भाऊ एकच आहेत आपल्यात.

आता डायरी काढलीच आहे तर मीही वही काढतो. आपण ३२ मेंबर. त्यात पाण्यात जाणारे ११. बाकीचे २१ जण सतरंजीवर बसतात, पत्ते खेळतात, पक्षी बघतात, नातवंडांना चिखलात सोडतात. पण वर्गणी सगळ्यांची सारखी. ट्रॉलीचं टायर, राखणदाराचा पगार, लाइफ जॅकेटं, मागच्या वर्षी एंटरप्राइज होडीचं फाटलेलं निळं शीड शिवून आणलं ते, हे सगळं त्या सतरंजीवाल्यांच्या पैशातून होतं. त्यांना मिसळ नाही दिली तर ते येणार नाहीत, ते नाही आले तर तुम्ही ११ जण होड्या डोक्यावर घेऊन फिरा.

आणि लेझरचा विषय निघालाच आहे तर, जानेवारीत तिच्या मागचं, आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच कोणी हरवलं ते अजून कोणी कबूल केलेलं नाही. मी वाट बघतोय.

चिमणी_सेलर
हिशोबनीसांना अर्धं +१.

मी तीन वर्षं झाली येतेय. पहिलं वर्षभर मी सतरंजीवालीच होते. बोलाइन गाठ मला पाण्यात नाही, त्या सतरंजीवर एका ७० वर्षांच्या काकूंनी शिकवली, पापडाच्या पुड्याच्या सुतळीने. त्यांच्या यजमानांनी कधीकाळी शिकवलेली होती, ते गेले पण काकू येतात. त्या काकूंना तुम्ही काय म्हणणार, मिसळ मेंबर?

पण उरलेलं अर्धं भांडण आहे. आपल्याकडे अजून डबे कोणी आणायचे ते बायकांना विचारतात आणि सुकाणू कोण धरणार ते पुरुषांना. मागच्या महिन्यात पाहुणे आले तर त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं, "किती वर्षं सेलिंग करताय?" ह्यांच्या हातात तेव्हा कांदा चिरायची सुरी होती आणि मी ओली होऊन समोर उभी होते.

सातपूरचा_सातू
ताई, कांदा बारीक होता का पण?

चिमणी_सेलर
@सातू, कांदा उत्तम होता. त्यासाठीच ठेवलंय त्यांना.

पुण्याहून_सप्रेम
धरणात वारा नाही म्हणून रडणारा क्लब पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडे रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे, एनडीएची मुलं खडकवासल्याच्या पाण्यावर सेलिंग करतात. एक परंपरा लागते त्याला.

देवळाली_कॅम्प
आले का. नाशिकचा धागा पुण्याशिवाय पूर्ण होत नाही. परंपरा तुमची, द्राक्षं आमची, आणि मिसळीवर तर बोलूच नका, पोहे घालता तुम्ही त्यात.

गोदाजल
आणि ऑलिम्पिकला माणूस पाठवला आम्ही! दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, २०१६ रिओ. दुष्काळी गावातून जाऊन पाण्यावर नाव काढलं.

तांडेल
गोदाजल, दत्तूचा आम्हालाही अभिमान, पण ते रोइंग. तो वल्हं मारतो आणि त्याची पाठ पुढं असते. सेलिंगमध्ये वल्हं निघालं म्हणजे अब्रू गेली.

आता मूळ विषय. मी मूळचा हर्णैचा, ३० वर्षं नाशिकरोडला. आजोबा शिडाच्या मचव्यावर होते. सुकाणू, नांगर, नाळ, डोलकाठी हे शब्द आमच्या घरात चमचा-वाटीसारखे वापरात. तेव्हा थोडं ऐका.

धागाकर्त्याची डायरी मी दोनदा वाचली. पाच रविवार वारा मिळाला म्हणता, त्या पाच दिवशी काय वेगळं झालं होतं ते लिहा बघू.

उंटवाडीकर
@तांडेल काका, डायरी काढली. एकदा वाटेत गाडी पंक्चर झाली म्हणून साडेदहाला पोचलो. एकदा मुलाचा पेपर होता, बाराला गेलो. एकदा मिसळवाल्याने उशीर केला, ती एकला आली. उरलेले दोन दिवस वातावरण ढगाळ होतं, अवकाळीचं वगैरे.

थांबा थांबा. च्यायला.

तांडेल
हं. कळलं ना?

अहो वारा दुपारी येतो आणि तुम्ही अकराला गाडीत बसता. थंडीत रात्रभर जमीन गार होते, जमिनीला लागून गार हवेचा जड थर बसतो. वर वारा वाहत असतो, पण तो खाली उतरत नाही. त्या थराच्या तळाशी तुमची होडी. ऊन चढलं, जमीन तापली, खालची हवा वर जायला लागली की वरचा वारा खाली ओढला जातो. हे व्हायला अकरा-बारा वाजतात. नंतर तो चार-पाचपर्यंत टिकतो आणि ऊन उतरलं की हाही उतरतो. समुद्रावर ह्याच्या जोडीला खारे वारे आणि मतलई वारे असतात, शाळेत वाचलंय सगळ्यांनी. तिथं पहाटे जमिनीवरून वारा सुटतो म्हणून कोळी पहाटे निघतात. तुम्ही कोणीतरी कोकणात पाहिलेली पहाट इथं आणून बसवलीत. धरणाला मतलई कुठला?

आणि आता मार्च लागला, आता तर दुपारचा पश्चिमेचा वारा चांगला जोर धरेल. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या डोंगरांवरून येतो म्हणून एकसारखा नसतो, झोत येतात, मध्येच मरतो, मध्येच दिशा बदलतो. समुद्रावरचा वारा शहाण्या बैलासारखा, हा खोंडासारखा. पण आहे. तुम्हाला वारा मिळत नाही हे खोटं, तुम्ही वाऱ्याच्या आधी जेवता.

सातपूरचा_सातू
"वाऱ्याच्या आधी जेवता" 😂 क्लबच्या टीशर्टवर छापा हे.

हिशोबनीस
म्हणजे दोष मिसळीचा का? काका, सकाळची वेळ उगाच नाही ठरवली. दुपारी दीडला मार्च-एप्रिलचं ऊन बघा. लहान पोरं, बीपीवाले आजोबा, सगळे सतरंजीवर कुठं बसवू? काठावर एक बाभूळ आहे आणि तिच्या सावलीला राखणदाराची बकरी असते.

डॉ_लिंबूसोडा
दोन्ही बाजू बरोबर आहेत, पण दुपारच्या झोताबद्दल मी जरा अनुभवाचं सांगतो. जानेवारीत एकदा आम्ही चौघंच दुपारी थांबलो होतो. मी एंटरप्राइजवर. जाईब करताना, म्हणजे वारा पाठीवर घेऊन शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेताना, बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, मी समजलो होतो त्याच्या अर्धा सेकंद आधी आली. कपाळाला चार टाके. ते मी स्वतःच आरशात बघून घालणार होतो, बायकोने मोबाइल काढून घेतला आणि दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं.

सांगायचा मुद्दा, सकाळच्या शांत पाण्यात नवा माणूस काहीही चूक करून सुटतो. दुपारी नाही सुटत. दुपारी जायचं तर लाइफ जॅकेट बांधलेलं हवं, बुडाखाली घेऊन बसायचं नाही (नाव घेत नाही), आणि उलटलेली होडी सरळ करायची प्रॅक्टिस प्रत्येकाची झालेली हवी. होडी उलटली तर होडी सोडून पोहत निघायचं नाही, हे तर पाटी करून लावा. काठ वाटतो त्याहून लांब असतो. होडी तरंगते, तिला धरून राहा, सेंटरबोर्डवर, म्हणजे बुडाखालच्या फळीवर, उभं राहून वजन टाका, येते वर.

आणि पाणी प्या. पित नाहीत लोक. पाण्यात बसून डिहायड्रेशनचे पेशंट बघितलेत मी.

छोट्याची_आई
माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑप्टिमिस्टमध्ये शिकतोय. ती होडी सव्वादोन-अडीच मीटरची, पुढून चपटी, मुलांसाठीच १९४७ मध्ये डिझाइन झालेली. बाथटबसारखी दिसते पण पोरं तिच्यात काय काय शिकतात. मला सकाळचीच वेळ बरी वाटते. वारा कमी म्हणूनच तो एकटा जातो, नाहीतर मी सोडलंच नसतं. एकदा मधोमध अडकला अर्धा तास, इकडे माझा जीव वरखाली, आणि परत आल्यावर काय म्हणतो, "आई, मी एका पाणकावळ्याला नाव ठेवलं." घरी मोबाइलशिवाय अर्धा तास बसत नाही हा मुलगा.

तेव्हा धागाकर्त्यांच्या त्या १३ रविवारांना वाया गेले म्हणू नका.

पुण्याहून_सप्रेम
पाणकावळ्याचं नाव काय ठेवलं?

छोट्याची_आई
पुणेकर. सारखा पंख पसरून उभा असतो आणि जागचा हलत नाही. (हलके घ्या)

पुण्याहून_सप्रेम
घेतलं. चांगलं आहे.

बांधावरचा
मी क्लबात नाही. गंगावऱ्ह्याकडे माझी बाग आहे, तुमच्या होड्या माझ्या बांधावरून दिसतात. बरं झालं कोणीतरी लिहिलं, मला पण विचारायचं होतं की हे लोक सकाळी येऊन एवढा वेळ पाण्यात काय मोजतात. आमचा गडी म्हणायचा सर्व्हे चाललाय, परत जमीन घेणार.

तांडेल काका म्हणतात ते खरंय, दुपारी बागेत औषध मारता येत नाही, वाऱ्याने उडतं. आम्ही फवारणी सकाळी लवकर उरकतो, कारण तेव्हा पानसुद्धा हलत नाही. तुम्हाला होडीसाठी वारा पाहिजे आणि तुम्ही फवारणीच्या वेळेला येता 🙏

आजोबांचं चार बिघे शेत धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की आमच्या विहिरीचा कठडा उघडा पडतो. तुमच्यातल्या एकाची होडी गेल्या वर्षी त्यावर घासली होती. मी काठावरून हात केला, त्यांना वाटलं मी राम राम करतोय, त्यांनी पण हात केला आणि आले सरळ कठड्यावर.

हिशोबनीस
ती एंटरप्राइज! सेंटरबोर्डचा टवका कशाने गेला ते आज कळलं. मला "मासा आपटला" सांगितलं होतं.

गोदाजल
एक भाबडा प्रश्न. ऑक्टोबर-डिसेंबर पाणी भरलेलं पण वारा कमी, मार्च-मे वारा आहे तर पाणी उतरतंय. दात आहेत तर चणे नाहीत. मग सरळ ऑगस्टात का नाही जात? तेव्हा दोन्ही असतं.

बांधावरचा
@गोदाजल भाऊ, ऑगस्टात नका येऊ. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तुम्ही रामकुंडावर फोटो काढायला जाता ना, ते पाणी इथूनच सुटलेलं असतं. दार उघडलं की ओढ कुठून कशी लागेल सांगता येत नाही. वरून पाऊस असा की समोरचा काठ दिसत नाही. तुमच्या होड्या त्या दिवसांत पालथ्या घालून बांधलेल्याच बऱ्या दिसतात.

तांडेल
बरोबर. समुद्रावरही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मुंबईत गेटवेसमोरच्या शिडाच्या बोटी पावसाळ्याआधी बाहेर काढतात. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे कोणी निघायचं नाही.

देवळाली_कॅम्प
समुद्र निघालाच आहे तर आपल्या गाजलेल्या क्रूझची गोष्ट सांगतो. त्यात होते त्यांनी इथं येऊन नाकारून दाखवावं.

झालं असं की आपल्या ११ जणांपैकी सहा जणांना वाटायला लागलं की आता आपल्याला येतं. धरण पुरेना. मग मुंबईत एकाच्या ओळखीने ३० फुटांची कीलबोट (बुडाखाली खोल जड कणा, म्हणजे कील असलेली) आणि तिचा स्किपर असं ठरवलं. गेटवेहून निघायचं, मांडव्याला जेवायचं, रात्री रेवसच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बोटीवरच झोपायचं, सकाळी परत. तारीख कशी ठरवली? एकाने पंचांग काढलं आणि म्हणाला पौर्णिमेला जाऊ, चांदणं मस्त पडेल, मसाला दूध करू. सगळे म्हणाले वा.

नाशिकहून पहाटे चारला निघालो. गाडीत ऐट काय विचारता. एक जण दिलीप दोंदे आणि अभिलाष टॉमी ह्यांच्या पृथ्वीप्रदक्षिणांवर बोलत होता, म्हादेई ५६ फुटी होती, टॉमी न थांबता १५० दिवस एकटा होता वगैरे. त्याला कसाऱ्याच्या घाटात गाडी लागली. तिथंच शकुन ओळखायला हवा होता.

बंदराबाहेर पडलो आणि पहिली लाट आली. धरणात लाट नसते हो. धरणात असतो तो तरंग. इथं बोट वर जाते, जरा विचार करते, मग खाली येते, आणि पोट वरच राहतं. पहिल्या पाऊण तासात सहापैकी चौघांना बोट लागली. नाशिकहून नेलेला चिवडा अर्धा किलो तसाच परत आला. स्किपर बिचारा एवढंच म्हणाला, "आत केबिनमध्ये जाऊ नका, क्षितिजाकडे बघा." क्षितिजाकडे बघायला डोकं वर करावं लागतं ना.

संध्याकाळपर्यंत मात्र छान झालं. सहाला वारा पडला, खाडीचं पाणी चहासारखं, नऊला नांगर टाकला. स्किपर दोर सोडतच राहिला, आम्ही म्हटलं अहो बास, तळ लागला की. तो म्हणाला खोलीच्या निदान पाचपट सोडायचा, उभा नांगर धरत नाही, आडवा ओढला तरच रुततो. आम्ही धरणात विटेला दोरी बांधून टाकणारे लोक. मसाला दूध झालं. चांदणं खरंच असं की ग्लासातल्या केशराच्या काड्या दिसत होत्या.

पहाटे पाचला स्किपरने सगळ्यांना उठवलं. पाणी कमी झालंय, बोट खोलात न्यायची, नांगर ओढा. काय झालं म्हटलं तर पौर्णिमा झाली. उधाण! पौर्णिमा-अमावास्येला भरती जितकी चढते तितकीच ओहोटी उतरते, मुंबईच्या बाजूला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. आमची कीलच दीड मीटर. ज्या चंद्रासाठी तारीख काढली त्यानेच खालचं पाणी काढून घेतलं. त्याला हे माहीत होतं, तो दर तासाला उठून खोली बघत होता. आम्हाला वाटत होतं त्याला झोप येत नाही.

चिखलाने माखलेला दोर सहा जणांनी ओढला. त्या चिखलाचा वास माझ्या जर्किनला अजून आहे.

तांडेल
अष्टमीला गेला असता तर भांगाची भरती, पाणी बेताने हललं असतं, निवांत झोपला असता. घरात पंचांग असून उपयोग काय, उपास तेवढे बघता त्यात.

चिमणी_सेलर
ज्याला कसाऱ्यात गाडी लागली ते आमचे हे. आणि ज्या दोघांना बोट लागली नाही त्यातली एक मी. हे लिहायला विसरलात @देवळाली.

देवळाली_कॅम्प
विसरलो नाही, घाबरलो.

शब्दखूण
अवांतर: आपण क्रूझ म्हटलं की घरच्यांना कॅसिनो आणि स्विमिंग पूलवालं जहाज वाटतं. सासऱ्यांनी विचारलं होतं, बुफे होता का.

त्यापेक्षा आपली डिसेंबरची धरणातली सहल मला जास्त आवडली. चार होड्या, वरच्या टोकाच्या फुगवट्यापर्यंत जायचं, तिथं काठावर चूल, वांग्याचं भरीत, भाकरी, आणि संध्याकाळच्या आत परत. मोटर कोणाकडेच नाही ते बरंच, अख्खं नाशिक हे पाणी पितं. भांडीसुद्धा धुतली नाहीत धरणात, राख लावून पुसून आणली. येताना वारा पूर्ण पडला आणि शेवटचा तुकडा सगळे गाणी म्हणत वल्ही मारत आलो. तांडेल काका म्हणतात अब्रू जाते, गेली तर गेली.

उंटवाडीकर
मंडळी, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले. तर ठरलं. ह्या रविवारी मी मिसळीला येणार नाही. अडीचला येणार. एकटा नाही जाणार, डॉक्टर येतायत. बांधावरच्या भाऊंनी विहीर कुठं आहे ते फोनवर समजावून सांगितलं. कोणाला यायचं तर या. येऊन वृत्तांत लिहितो.

सातपूरचा_सातू
रुमाल टाकून ठेवतो. 🍿

हिशोबनीस
जा जा. लेझर नेणार असाल तर बुचाचं काय केलंत?

उंटवाडीकर
बुचाचं जमवलंय. नाशकात बुचांना काय तोटा, मेव्हण्याकडे वाइनच्या बाटलीचं मिळालं, चाकूने तासून बसवलं. एकदम फिट.

तांडेल
अरे देवा.

उंटवाडीकर
वृत्तांत.

पावणेतीनला पाण्यात उतरलो. ऊन मी म्हणत होतं, काठावर फक्त बकरी. पहिली पाच मिनिटं काहीच नाही, मला वाटलं काकांनी फसवलं. मग पाणी लांबून काळं व्हायला लागलं. म्हणजे काय ते सांगतो, सगळं पाणी चकचकीत आणि त्यात एक गडद पट्टा तुमच्याकडे सरकत येतो, त्यावर बारीक बारीक सुरकुत्या. तो पोचला आणि शीड फाडकन भरलं, हातातला दोर खेचला गेला, होडी एका अंगावर आणि मी दुसऱ्या काठावर पाय अडकवून पाण्यावर उताणा. डॉक्टरांच्या फोनवर नंतर बघितलं, १२ नॉट्स दाखवत होतं, म्हणजे ताशी २२ किलोमीटर. गाडीवर ह्या वेगाला आपण शिव्या घालतो. होडीत देव आठवतात.

एकदा समोरून डॉक्टर आले, मला डावीकडून वारा, त्यांना उजवीकडून. उजवीकडून वारा असलेल्याचा हक्क पहिला, हे सतरंजीवर मीच दहा जणांना समजावलंय. प्रत्यक्षात मी "डॉक्टर बाजूला व्हाऽऽ" ओरडलो. ते नाही झाले. मी झालो, आणि उलटलो. पाणी गार. सेंटरबोर्डवर चढलो, दोनदा घसरलो, तिसऱ्यांदा आली वर. शीडातून पाणी गळतंय आणि मी वेड्यासारखा हसतोय.

मग वीसेक मिनिटांनी लक्षात आलं की होडी वळायला तयार नाही. मागून जड. जशी पोटुशी म्हैस. मागं वाकून बघितलं तर बुचाच्या जागी नुसतं भोक. उलटापालटीत वाइन निघून गेली होती. आतल्या फोममुळे बुडत नाही म्हणतात, ते खरंय, बुडली नाही, पण चालतही नव्हती, नुसती पाण्यात बसली होती. अर्ध्या तासाने बांधावरच्या भाऊंच्या बाजूला काठाला लागलो. त्यांनी आणि गड्याने ओढून घेतली, मागचं तोंड उताराला करून उभी ठेवली, आतलं पाणी किती वेळ गळत होतं देव जाणे. तेवढ्यात त्यांनी घरून चहा आणला आणि द्राक्षाचा एक घड.

क्लबावर परतलो तर साडेपाच. मिसळीचं पातेलं धुऊन उपडं ठेवलेलं. पहिल्यांदा डायरीत मिसळीसमोर शून्य लिहिलं.

बांधावरचा
गडी विचारत होता पाण्याचा सर्व्हे झाला का. म्हटलं झाला, होडीत किती मावतं ते मोजलं.

डॉ_लिंबूसोडा
मी हक्काने गेलो होतो. आणि धागाकर्त्यांनी जॅकेट बांधलेलं होतं हे आवर्जून नोंदवतो.

हिशोबनीस
बरं, मी पण थोडा विचार केला. एप्रिलपासून महिन्यातले दोन रविवार दुपारचे करून बघू. सकाळचे दोन पोरांचे आणि सतरंजीचे. दुपारी ताडपत्री बांधू, बाभळीचं बकरीशी बोलून घेतो. मिसळ साडेचारला, पाण्यातून बाहेर आल्यावर. मिसळवाल्याला विचारलं, तो म्हणाला संध्याकाळी तर्री जास्त लागते.

चिमणी_सेलर
एक कबुली आहे. वृत्तांत वाचून ह्यांनी डब्यांची मोठी पिशवी उपडी केली. पापडाच्या पुड्यात बूच सापडलं. लेझरचं. जानेवारीत कांदा चिरताना "हे घसरणारं काय आहे" म्हणून उचलून ठेवलं होतं म्हणे, झाकण समजून.

सातपूरचा_सातू
म्हणजे तीन महिने बूच मिसळीत होतं आणि सगळे वारा शोधत होते.

उंटवाडीकर
वहिनी, भाऊंना सांगा राग नाही. हिशोबनीस, वर्गणी आजच टाकली, बघून घ्या. लेझरची भागीदारी पण घेतोय. बूच रविवारी आणा, सुतळी बांधून. दोनला.

हिशोबनीस
मिळाली. पाव मोजून सांगायचेत, दुपारी कोण कोण येतंय त्यांनी शनिवारपर्यंत इथंच लिहा. सातू, तुम्ही दोन धरू का चार?

सातपूरचा_सातू
सहा.